ओळख, वशिला आणि वीस मिनिटांची कॉफी

परदेशात एमबीए म्हणजे जीमॅट, लोन आणि व्हिसा. हे तिन्ही पार पडलं की सुटलो, असं तुम्हाला वाटतंय? मलाही वाटायचं. पण खरा पेपर तिथे पोचल्यावर हातात पडतो. विषय : अनोळखी माणसाशी बोलणे!

"अगं पण मी त्याला म्हणू काय? नमस्कार, मी सांगलीची, मला नोकरी द्या?"

सप्टेंबर २०२२. माझ्याकडे रात्रीचे साडेबारा, ताईकडे दुपारचे दोन. ती अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका बिझनेस स्कूलच्या जिन्यात बसून कुजबुजत होती आणि मी कर्वेनगरच्या फ्लॅटवर मॅगी खात ऐकत होते. तिच्या करिअर सेंटरने पहिल्याच महिन्यात होमवर्क दिला होता. आपल्या कॉलेजमधून पास झालेल्या, आयुष्यात कधीही न भेटलेल्या पाच लोकांना मेल करायची आणि त्यांच्याकडून वीस मिनिटं मागायची. नोकरी नाही. फक्त वीस मिनिटं!

ताई म्हणजे माझी मामेबहीण. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, इंजिनियरिंगला पहिल्या पाचात, हिंजवडीत सहा वर्षं घासलेली. स्टेजवर प्रेझेंटेशन द्यायला सांगा, एकदम टकाटक. पण पाच मेल पाठवायला तिला अकरा दिवस लागले.

घरातली 'लिहिणारी'

या सगळ्यात मी कशी आले ते आधी सांगते. मास कॉम केलेल्या मुलीचा खानदानात एकच उपयोग असतो. कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या सोसायटीची नोटीस आणि कुणाचं एसओपी. ताईच्या आधी दोन चुलतभावांचं आणि एका मैत्रिणीच्या दिराचं एमएसचं एसओपी मी सुधारून दिलं होतं. त्यामुळे ताईने एमबीएचं ठरवल्यावर निबंधांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

ताईचा जीमॅट जुन्या पद्धतीचा, २०२१ सालचा. आता तो पार बदललाय. २०२४ पासून फक्त नवी आवृत्ती आहे : सव्वादोन तास, ४५ मिनिटांचे तीन भाग, एकूण ६४ प्रश्न. गणित, भाषा आणि 'डेटा इनसाइट्स' नावाचा तिसरा भाग, ज्यात तक्ते आणि आलेख वाचायचे असतात. निबंध गेला, भूमिती गेली. मार्क २०५ ते ८०५ मध्ये, आणि प्रत्येक स्कोअरच्या शेवटी ५ असतो. त्यामुळे ऑफिसमधला एखादा सीनियर 'मला ७२० होते' म्हणाला तर घाबरू नका. त्याचं माप वेगळं होतं. जुन्या ७०० च्या जागी साधारण ६४५ धरतात. स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणजे आज परीक्षा देऊन तीन वर्षांनी जायचं ठरवलं तरी चालतं. इतकं पुरे. जीमॅटवर क्लासवाले तुम्हाला भरपूर ऐकवतील, मला त्यात रस नाही.

मला रस होता निबंधात. 'तुम्हाला एमबीए का करायचंय?' या प्रश्नावर ताईचा पहिला ड्राफ्ट असा सुरू होत होता : 'लहानपणापासून मला नेतृत्वाची आवड आहे.' मी म्हटलं, ताई, तू लहानपणी भातुकलीत पण भांडी घासायला बसायचीस.

खोदत खोदत आम्ही मामापर्यंत पोचलो. मामा एसटीच्या डेपोत स्टोअरकीपर होता. कुठला बोल्ट कुठल्या खणात हे त्याला झोपेतून उठवून विचारा. एखादा किरकोळ पार्ट नाही म्हणून अख्खी गाडी डेपोत उभी राहायची आणि पन्नास माणसं स्टँडवर ताटकळायची. लहान ताई मामाचा डबा घेऊन जायची तेव्हा तिने हे पाहिलेलं. पुढे हिंजवडीत ती ज्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत होती तेही गोदामं आणि पुरवठ्याचंच होतं. बस्स! सापडलं!

मी रात्रभर बसून निबंध लिहून काढला. पत्र्यावर पडणारा पाऊस, ग्रीसचा वास, बाबांचे काळवंडलेले हात... मला स्वतःला वाचताना गहिवरून आलं. ताईने वाचला. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "छान आहे गं. पण हे बाबा तुझे झालेत."

झालं. माझा निबंध कचऱ्यात. तिने तिच्या साध्यासुध्या इंग्रजीत पुन्हा लिहिला. त्यात पाऊस नव्हता. ब्रेक लायनर होतं, कोल्हापूरला केलेला ट्रंक कॉल होता आणि तीन तास उशिरा सुटलेली गाडी होती. जानेवारीच्या दुसऱ्या फेरीत अर्ज केला आणि इंटरव्ह्यूत बाईंनी नेमकं त्याच ब्रेक लायनरबद्दल विचारलं. ताई पंधरा मिनिटं न थांबता बोलली. माझा पाऊस असता तर काय बोलली असती कोण जाणे! तेव्हापासून मी एसओपीचं व्याकरण तपासते. आठवणी ज्याच्या त्याने आणायच्या.

घर गहाण, फाईल तीन किलोची

ॲडमिशन मिळाली, अर्धी फी माफ झाली. तरीही राहणं-खाणं-विमा धरून हिशेब असा निघाला की ताईची सगळी शिल्लक घालून वर ५५ लाखांचं कर्ज. राष्ट्रीयीकृत बँक, साडेदहा टक्के व्याज, तारण म्हणून विश्रामबागचं घर. मामाच्या निवृत्तीच्या पैशातून बांधलेलं, मामीने अंगणात पारिजातक लावलेलं घर. कागदांवर सही करताना मामा काही बोलला नाही. मामी म्हणाली, "पोरीच्या शिक्षणालाच तर घर असतं." आणि आत जाऊन चहा टाकला.

दहा वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचं तर महिन्याला पाऊण लाखाच्या आसपास, वर शिकतानाच्या काळातलं व्याज वेगळं. हा आकडा ताईने एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला होता.

व्हिसाची कथा थोडक्यात. २०२२ मध्ये स्लॉट मिळणं म्हणजे दिवाळीत कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट मिळण्यासारखं होतं. मुंबईत आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. मामाने तीन किलोची फाईल बनवून दिली होती. सातबारापासून व्हॅल्युएशन रिपोर्टपर्यंत सगळं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले, फाईलकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि दोन मिनिटांत 'अप्रूव्ह्ड'. मामा आजही त्या अधिकाऱ्यावर नाराज आहे.

पुढे पुढे करणाऱ्यांची शाळा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे, म्हणजे मराठी मध्यमवर्गात, दोन शब्द शिवीसारखे वापरतात. एक 'वशिला' आणि दुसरा 'पुढे पुढे करणं'. वर्गात बाईंच्या मागेपुढे फिरणारी मुलगी आठवा. ऑफिसात साहेबांच्या गाडीचं दार उघडणारा आठवा. आपण लहानपणापासून ठरवलेलं असतं की आपण तसे नाही. आपलं काम बोलेल! मामाच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची ओळ हीच होती : "एसटीत लागलो ते मेरिटवर. कुणाचा वशिला नाही."

अशा घरातून उठून ताई अशा ठिकाणी गेली, जिथे पुढे पुढे करणं हा अभ्यासक्रम आहे. अक्षरशः! नावाचा बिल्ला उजव्या बाजूला लावायचा, म्हणजे हस्तांदोलन करताना समोरच्याची नजर तिथे जाते. ग्लास डाव्या हातात धरायचा, म्हणजे उजवा हात गार आणि ओला होत नाही. कंपनीचा माणूस मध्ये, भोवती आठ विद्यार्थ्यांचं कोंडाळं. त्यात शिरायचं कसं, प्रश्न विचारायचा कधी, निघायचं कसं, सगळ्याची प्रॅक्टिस. पहिल्या कार्यक्रमात ताई लिंबू-सोड्याचा ग्लास घेऊन एका खांबाजवळ पन्नास मिनिटं उभी होती. खांबाशी चांगली ओळख झाली, म्हणाली.

दुसरी गोची भाषेची. इंग्रजीची नव्हे हं, 'मी'ची. सरावाच्या इंटरव्ह्यूत तिला विचारलं, तुमच्या मोठ्या यशाबद्दल सांगा. ताई सांगू लागली, "आम्ही हे केलं, आमच्या टीमने ते केलं..." समोरची सीनियर म्हणाली, टीमचं ऐकलं, तू काय करत होतीस? आपल्याकडे 'मी मी' करणारा माणूस आवडत नाही. तिथे 'आम्ही आम्ही' करणाऱ्याने काहीच केलं नसेल, अशी शंका घेतात.

मग गप्पांचे विषय. शनिवारी कॉलेज फुटबॉल, सोमवारी त्याची चर्चा. ताईला क्रिकेटमधली फील्ड प्लेसमेंट तोंडपाठ, पण ही मंडळी अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, इथपासून सुरुवात होती. तिने नियम पाठ केले. पाठ केल्यासारखेच बोलली. लोक हसून निघून गेले.

मधल्या काळात महाराष्ट्र मंडळाचा गणपतीही झाला. तिथे मात्र ताईला काहीच शिकावं लागलं नाही. 'कुठल्या तुम्ही? सांगलीत कुठे? विश्रामबागेत? मग तुम्ही अमक्यांना ओळखत असाल...' चार मिनिटांत तीन नाती निघाली. मला फोनवर सांगताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, हेच तर नेटवर्किंग आहे की! फक्त इथे आडनावाऐवजी कंपनी विचारतात." त्या मंडळातून ताईला लोणच्याच्या दोन बरण्या, एक प्रेशर कुकर आणि हिवाळ्याचा जुना कोट मिळाला. नोकरीचं मात्र कुणीच काही करू शकलं नाही, कारण सगळेच सॉफ्टवेअरमधले!

दंतवैद्याकडे वाचलेलं पत्र

त्या अकरा दिवसांत, पहिली मेल जाईना तेव्हा, मी ताईला एक गोष्ट सांगितली होती. तुम्हालाही सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेत अर्धीच ऐकलेली असते.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या गेल्या कशा? ओळख कुणाची होती? कुणाचीच नाही! त्यांचे पती गोपाळराव यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. मिशनऱ्याचं उत्तर धर्मांतराकडे वळणारं होतं, म्हणजे दार बंदच. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला अंक त्यांनी चाळला, पत्र वाचलं आणि या अनोळखी मुलीला लिहिलं. पुढे आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या याच मावशींच्या घरी.

"म्हणजे गोपाळरावांनी कोल्ड मेल केली होती!" ताई म्हणाली.

"आणि ज्याला पाठवली त्याने कामाचं उत्तर दिलंच नाही."

त्या रात्री तिने पाचही मेल पाठवल्या. उत्तर एकाचंच आलं. पण सुरुवात झाली.

मेल कशी लिहायची याचंही शास्त्र आहे बरं का. ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा बिझनेस स्कूलमध्ये करिअरचं मार्गदर्शन करणाऱ्या स्टीव्ह डाल्टन यांचं 'द टू-अवर जॉब सर्च' हे २०१२ सालचं पुस्तक एमबीएवाल्यांच्या वर्तुळात अगदी गाइडसारखं वापरतात. त्यांचा फंडा असा : आधी एक्सेलमध्ये चाळीसेक कंपन्यांची यादी. प्रत्येकीपुढे तीन रकाने. आपल्या कॉलेजचं कुणी तिथे आहे का, आपल्याला ती मनापासून किती हवी आहे आणि तिथे सध्या जागा निघाल्यात का. मग मेल. शंभर शब्दांच्या आत. त्यात 'नोकरी' हा शब्द नाही, रेझ्युमे जोडलेला नाही. ओळखीचा धागा पहिल्या ओळीत आणि मागणी एकच, तुमचा अनुभव ऐकायचाय.

ताईच्या सुरुवातीच्या मेल तीनशे शब्दांच्या होत्या. 'आदरणीय सर' ते 'आपली कृपाभिलाषी' असा थाट. मी कात्री लावली. बातमी लिहिताना पहिलं वाक्य कसं लिहायचं ते आम्हाला कॉलेजात शिकवतात. ते शिक्षण पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं.

उलटी मोजणी

२०२३ च्या उन्हाळ्यात तिने एका कंपनीत इंटर्नशिप केली. काम आवडलं, साहेबाला ती आवडली, पण शेवटच्या आठवड्यात कळलं की यंदा कायमची भरती बंद. कुणाचीच नाही. २०२४ ची बॅच बाहेर पडली तेव्हा बाजार इतका थंड होता की हार्वर्डच्या नोकरी शोधणाऱ्या एमबीएंपैकी २३ टक्के तीन महिन्यांनंतरही शोधतच होते. हार्वर्डची ही गत, तर ताईचं कॉलेज कुठे!

इथे परदेशी विद्यार्थ्याचं गणित वेगळं होतं, ते समजून घ्या. शिक्षण संपल्यावर अमेरिकेत बारा महिने काम करायची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. अभ्यासक्रम सरकारच्या 'स्टेम' यादीतला असेल तर आणखी चोवीस महिने. बऱ्याच कॉलेजांनी म्हणूनच आपलं एमबीए त्या यादीत बसवून घेतलंय आणि अर्ज करण्याआधी हे तपासायलाच हवं. पण मेख अशी की पहिल्या बारा महिन्यांत तुम्ही एकूण ९० दिवसच बेकार राहू शकता. कार्डावर छापलेल्या तारखेपासून घड्याळ सुरू. अमेरिकन वर्गमित्र सहा महिने आईवडिलांच्या घरी राहून शोधू शकतो. तुम्ही नाही.

ताईची तारीख होती १० जून २०२४.

तोपर्यंत तिचा हिशेब : १४३ मेल, ३१ उत्तरं, १९ फोन. नोकरी शून्य. फ्रिजवर कॅलेंडर लावून ती रोज एक चौकोन खोडायची. त्या दिवसांत तिचे फोन कमी झाले. मामाला ती 'चाललंय' एवढंच सांगायची. एकदा तोंडातून निघून गेलं की आज दोन अनोळखी लोकांशी बोलले. मामा उसळला. "नोकरी मागत दारोदार फिरायचं? त्यासाठी घर गहाण टाकलं?"

ती रडली नाही. मला फोन करून म्हणाली, "बाबा चुकलेत असं मला वाटत नाही गं. हाच त्रास आहे."

मग आला ६ जून. डॅलसजवळ टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं, तेही सुपर ओव्हरमध्ये! आणि ती ओव्हर टाकली कुणी? सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा मुलगा, मुंबईकडून रणजी खेळलेला, कॉर्नेलला एमएस करायला गेलेला आणि ओरॅकलमध्ये इंजिनियर म्हणून नोकरी करणारा. अमेरिकेत ज्यांना क्रिकेट म्हणजे किडा वाटायचा त्यांनीही ती बातमी पाहिली.

७ जूनला ताईच्या इनबॉक्समध्ये एक मेल. ओहायोतला एक माणूस, तिच्या कॉलेजचा २००९ सालचा. फेब्रुवारीत त्याच्याशी वीस मिनिटं बोलणं झालं होतं. 'आमच्याकडे जागा नाही' असं त्याने तेव्हाच सांगितलं होतं आणि ताईने आभाराची दोन ओळींची मेल पाठवून त्याला यादीतून खोडलं होतं. आता त्याने विचारलं होतं : टीव्हीवर एक सॉफ्टवेअर इंजिनियर पाकिस्तानला हरवताना पाहिला, हा तुमचाच खेळ ना? सुपर ओव्हर म्हणजे काय ते समजावशील?

ताईने फोन केला. चाळीस मिनिटं! फील्ड प्लेसमेंटपासून डकवर्थ-लुईसपर्यंत. पहिल्यांदाच तिला काहीही पाठ करावं लागलं नव्हतं. शेवटी त्याने सहज विचारलं, अजून शोधते आहेस का? त्याच्या विभागात तेव्हाही काही नव्हतं. पण दुसऱ्या शहरातल्या एका बाईंना सुट्या भागांच्या गोदामांचं नियोजन करणारं माणूस हवं होतं. जाहिरात अजून निघालेली नव्हती.

सुटे भाग! मी फोनवर किंचाळले होते.

तरीही सोपं नव्हतं. जुलै संपूर्ण वाट पाहण्यात गेला. चार मुलाखती. शेवटचीत बाईंनी विचारलं, या क्षेत्राशी तुमची पहिली ओळख कधी झाली? ताईने पुन्हा ब्रेक लायनर काढलं. ऑफर आली १९ ऑगस्टला. ७१ वा दिवस. कामावर हजर झाली लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला. ८६ वा दिवस. चार चौकोन उरलेलं ते कॅलेंडर तिने अजून जपून ठेवलंय.

लांबची माणसं

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यावरच एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन उपनगरात ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली होती, त्यांना त्याने विचारलं. ज्या ओळखीतून नोकरी मिळाली ती व्यक्ती त्या काळात किती वेळा भेटायची? वारंवार भेटणारे फक्त १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५६ टक्के आणि वर्षातून जेमतेम एकदा भेटणारे २८ टक्के. कारण साधं आहे. जिवलग मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, त्याच्या कानावर वेगळ्या बातम्या येतात.

हे मी मामाला समजावायला गेले. दिवाळीला, विश्रामबागेत, फराळ करताना. ग्रॅनोव्हेटर वगैरे ऐकून त्याने चकली मोडली आणि म्हणाला, "म्हणजे वशिलाच की."

तेव्हा व्हिडिओ कॉलवरून ताई म्हणाली, "बाबा, डेपोत पार्ट नसला की तुम्ही काय करायचात?"

"मागणीपत्रक भरायचो."

"आणि?"

मामा थोडा थांबला. "आणि कोल्हापूरला पाटलांना फोन लावायचो. मिरजेला लावायचो. त्यांच्याकडे असला तर संध्याकाळच्या गाडीने कंडक्टरबरोबर यायचा."

"मागणीपत्रकाने किती दिवस लागायचे?"

मामाने उत्तर दिलं नाही. मामीने दिलं : "आठ-पंधरा दिवस सहज."

वशिला आणि ओळख यांत फरक आहेच, हे मलाही मान्य आहे. पाटलांनी पार्ट दिला म्हणून कुणाची गाडी अडकली नाही. ताईलाही चार मुलाखती द्याव्याच लागल्या. पण तो फोन फक्त तिच्यासाठी वाजला आणि तिच्याइतकीच हुशार असलेल्या, क्रिकेट न कळणाऱ्या एखाद्या व्हिएतनामी मुलीसाठी वाजला नाही, ही गोष्ट ताईला आजही खटकते. ती म्हणते, खटकायलाच हवी.

चिठ्ठीत नाव

सगळं छान संपलं असं समजू नका. पुढे एच-वन-बी नावाची लॉटरी असते. वर्षाला ६५ हजार जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. मार्च २०२५ मध्ये ताईचं नाव निघालं नाही. कंपनी सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेली असल्यामुळे स्टेमचे चोवीस महिने मिळाले, एवढाच दिलासा. (ऑफर घेताना हे विचारायला लाजू नका. ताईची एक मैत्रीण लाजली होती.) सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली, तेव्हा ताईने दिवाळीचं तिकीट रद्द केलं. महिन्याभराने खुलासा आला की अमेरिकेत राहूनच विद्यार्थी व्हिसावरून बदल करून घेणाऱ्यांना ती लागू नाही. पण दिवाळी गेली ती गेलीच. २०२६ पासून तर लॉटरीत ज्याच्या पगाराची पातळी वरची त्याच्या जास्त चिठ्ठ्या, असा नियम आला.

इंग्लंडकडे वळावं तर तिथली पदवीनंतरची दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येतात. कॅनडात २०२४ पासून मास्टर्सवाल्यांना तीन वर्षांपर्यंतचं परमिट मिळू शकतं. फ्रान्स-सिंगापूरच्या इन्सेआडचं एमबीए दहा महिन्यांत होतं, म्हणजे पगाराचं एकच वर्ष बुडतं. पर्याय बरेच आहेत, पण कुठलाही निवडा, कॉलेजच्या क्रमवारीआधी व्हिसाचे नियम वाचा आणि ते नियम तुम्ही शिकत असतानाच बदलतील हे धरून चाला. शिवाय ताई गेली तेव्हा डॉलर ऐंशी रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो नव्वदीपार गेला. तिला कर्ज फेडताना फायदा झाला. यंदा फी भरणाऱ्यांना तोच फरक खिशातून जाणार.

विश्रामबागच्या घराचे कागद अजून बँकेतच आहेत. पासपोर्टच्या कव्हरमधली पिवळी चिठ्ठी आता ताईच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते.

आणि मामा? गेल्या महिन्यात त्याच्या शेजारचा मुलगा परदेशी एमबीएच्या तयारीला लागला. मामाने स्वतः त्याला बोलावून ताईचा नंबर दिला. वर सूचना : "फक्त वीस मिनिटं बोल. नोकरी मागू नकोस. आणि मेल छोटी लिही."

शनिवारी रात्री मुलाने फोन केला. दुसऱ्याच मिनिटाला ताईच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पडली. सहा पानी रेझ्युमे, खाली मेसेज : 'ताई, प्लीज तुमच्या एचआरला फॉरवर्ड करा ना.' त्याची अजून ॲडमिशनसुद्धा झालेली नाही!

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? म्हटलं, पुढच्या शनिवारी परत फोन कर. पीडीएफ नको. मला आधी सांग, लहानपणी तू बाबांचा डबा घेऊन कुठे जायचास?"

"मग?"

"म्हणाला, डबा आई न्यायची. म्हटलं, मग आईचं सांग."